गणेश हरी खरे
गणेश हरी खरे (१९०१–१९८५) हे इतिहाससंशोधक व मूर्तितज्ज्ञ होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. शिलालेख, ताम्रपट व फार्सी साधने त्यांनी संपादिली. परंतु सामान्य वाचकाला त्यांचा ‘मूर्तिविज्ञान’ हा ग्रंथ अधिक जवळचा वाटतो. पाषाणमूर्ती पूजेसाठी घडते आणि आयुधे, मुद्रा, आसन व वाहन यांवरून ओळखली जाते. शंख, चक्र, गदा व पद्म यांचा चार हातांतील क्रम बदलला, की विष्णूचे रूप बदलते. अशी २४ रूपे होतात. साहजिकच हात भंगले, की मूर्तीचे नावही हरवते. पंढरपूरच्या विठ्ठलाला तर दोनच हात, तेही कटीवर. या दैवताचा शोध त्यांनी ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ या पुस्तकात घेतला.