कविवर बनारसीदास : नऊ अपत्यांचा शोक आणि समयसार

ज्या घरी समयसार नाटकाचा स्वाध्याय चालतो, तेथे कविवर पं. बनारसीदासजींचे नाव नित्य श्रद्धेने घेतले जाते. त्यांचे जीवन मात्र क्वचितच वाचले जाते. आणि ते वाचले नाही तर त्या ग्रंथाचे मोल अर्धेच कळते.

विक्रम संवत १६४३ (इ. स. १५८६) मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळातील जवाहिऱ्या खरगसेन यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विक्रमाजीत. भगवान पार्श्वनाथांच्या काशीनगरीची यात्रा घडली, तेव्हापासून ते बनारसीदास झाले. अकराव्या वर्षी विवाह झाला. नववधूने उंबरठा ओलांडला, त्याच दिवशी घरात एक कन्या जन्मली आणि एका वृद्धेने देह ठेवला. पुढील आयुष्यात हर्ष आणि शोक त्यांच्या दारी असेच जोडीने येत राहिले.

पंधरा वर्षांचेही वय नसताना त्यांनी शृंगाराला प्राधान्य देऊन नवरसांवर सुमारे हजार पद्ये रचली. बापाच्या घरातील माणके चोरून प्रेमाचे छंद पुरवण्याचाही हा काळ. पुढे एके दिवशी जौनपुरात गोमती नदीच्या पुलावर मित्रांना ती पोथी वाचून दाखवीत असता, ही सारी प्रीती कल्पनेने रचलेली असत्य आहे, असे त्यांना तीव्रतेने जाणवले. त्यांनी पोथी नदीत फेकली. मित्र हळहळले, पाने प्रवाहाबरोबर वाहून गेली.

खरी प्रीती त्यांना भेटली ती दैन्यात. आग्र्यातील व्यापार बुडाला, कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवण्याचे दिवस आले. अशा स्थितीत ते खैराबादला सासुरवाडीस आले. रात्री पत्नीला खरी हकीकत कळताच तिने जपून ठेवलेले वीस रुपये पतीच्या हाती दिले. आईकडून गुपचूप दोनशे रुपये मिळवून दिले, ते वेगळेच. पतीची लाज तिने चारचौघांत उघडी पडू दिली नाही. पुढे प्रसूतीनंतर ती आणि नवजात बालक दोघेही गेले. ही वार्ता घेऊन आलेल्या न्हाव्यानेच तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळही सांगितले. तीही पुढे निवर्तली आणि तिसरा विवाह झाला.

संवत १६८० मध्ये पांडे राजमल्लजींची समयसारावरील टीका हाती आली. निश्चयनयाचे शब्द कळले, अनुभव मात्र आला नाही, आणि पूजा-क्रियेवरची श्रद्धाही उडाली. मित्रांसह कोठडीत नग्न होऊन मुनिपदाचे सोंग करण्यापर्यंत मजल गेली. लोकनिंदा झाली, ती अस्थानी नव्हती. संवत १६९२ मध्ये पं. रूपचंदजींनी आग्र्यात गोम्मटसारातील गुणस्थानांचे विवेचन केले, तेव्हा कोणत्या भूमिकेला कोणती क्रिया योग्य, हे उमगले. दुसऱ्याच वर्षी, इ. स. १६३६ मध्ये, समयसार नाटक पूर्ण झाले. आचार्य कुंदकुंद व अमृतचंद्र यांची गहन वाणी लोकभाषेत आली.

येथे चरित्र संपवले असते, तर ते सोयीचे झाले असते. परंतु संवत १६९६ मध्ये त्यांचा उरलेला एकुलता पुत्र निधन पावला. सात पुत्र आणि दोन कन्या, नऊही अपत्ये गेली. आत्मा आणि देह यांचे भेदविज्ञान ज्यांनी घरोघरी पोहोचवले, ते बनारसीदासजी दोन वर्षे शोकात बुडाले. मोह किती चिवट असतो, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत लपवले नाही.

इ. स. १६४१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अर्धकथानक लिहिले. एकशे दहा वर्षांचे आयुष्य धरून हे त्याचे अर्धे, म्हणून ते नाव. पूर्वार्धच खरे तर सर्वस्व ठरले. पुढे ते फार काळ जगले नाहीत. ६७५ पद्यांच्या या आत्मचरित्राची आवृत्ती पं. नाथूराम प्रेमींनी मुंबईत १९४३ मध्ये काढली. त्यात कल्पित नायक-नायिका नाहीत. चोरी, आजार, दिवाळखोरी, पत्नीचे वीस रुपये, मुलांचे मृत्यू, सारे हिशेबाच्या वहीसारखे नोंदलेले आहे. अखेरीस स्वतःचे गुणदोषही आहेत : क्षमाशील आहे, पण लोभ सुटत नाही, भय अकस्मात दाटते, आणि एकांत मिळाला की नाचू लागतो.