मेरी ट्यूडर : मोडलेल्या घराची लेक

इंग्लंडची राणी पहिली मेरी पाठ्यपुस्तकात भेटते ती क्रूर म्हणून. तिच्या कारकीर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. त्यावर पांघरूण घालण्याचा माझा हेतू नाही. पण तिचे चरित्र वाचताना मला मात्र दिसत राहिली ती आईबापांच्या भांडणात सापडलेली एक पोर.

मेरी जन्मली १८ फेब्रुवारी १५१६ रोजी. आठवा हेन्री आणि स्पेनची कॅथरिन यांचे हे एकच अपत्य जगले. हेन्रीला गादीसाठी मुलगा हवा होता, आणि मन जडले होते अॅन बोलिनवर. पोप दाद देईना, तेव्हा १५३३ मध्ये आर्चबिशप क्रॅनमरने हा विवाह मुळातच अवैध ठरवला. म्हणजे हा नुसता काडीमोड नव्हे. चोवीस वर्षांचा संसार झालाच नव्हता, असा तो निवाडा! राजकन्या अनौरस ठरली. मायलेकींची ताटातूट १५३१ मध्येच झाली होती. जानेवारी १५३६ मध्ये कॅथरिन वारली, तरी शेवटची भेट नाही. त्याच जूनमध्ये आईबापांचे लग्न अवैध असल्याच्या कबुलीवर मेरीला सही करावी लागली.

१५५३ मध्ये ती राणी झाली. तिच्या पहिल्याच पार्लमेंटने आईचे लग्न वैध ठरवले. मग सदतीस वर्षांच्या या राणीने वर निवडला तो आईच्या माहेरचा : कॅथरिनच्या भाच्याचा मुलगा, स्पेनचा फिलिप. पार्लमेंटने विनवले, बंड झाले. ती हटली नाही. २५ जुलै १५५४ रोजी विंचेस्टरला लग्न लागले. तिने जीव लावला. त्याच्या लेखी ते राजकारण होते. तिला दिवस गेल्याचा भास खोटा ठरला आणि ऑगस्ट १५५५ मध्ये तो निघून गेला. १५५७ मध्ये आला तो युद्धासाठी मदत मागायला. १७ नोव्हेंबर १५५८ रोजी ती निपुत्रिक वारली.

सावत्र बहीण एलिझाबेथ हिच्याही आईबापांचे लग्न रद्द झाले, आईचा तर शिरच्छेद झाला. तिने जन्मभर लग्नच केले नाही. बाप एक, वाटा दोन : एकीने हरवलेले माहेर नवऱ्यात शोधले, दुसरी बोहल्यापासूनच दूर राहिली.

मला वाटते, आईबाप वेगळे झाल्यापेक्षा मेरीला अधिक खोल लागली असेल ती सही. वेगळे होणाऱ्यांनी खुशाल वेगळे व्हावे. पण लेकराला एकाचा हात धरण्यासाठी दुसऱ्याला नाकारायला लावू नये. मित्रहो, राजवाड्यातली ही गोष्ट आपल्या चाळीतही तितकीच खरी आहे.