के. बी. सुंदरांबाळ

दक्षिणेकडील गायिका नटी सुंदरांबाळबाईंचा जन्म १९०८ साली कावेरीकाठी कोडुमुडी येथे गरीब घरी झाला. लहानपणी त्या आगगाडीत गाऊन पैसे मिळवीत. पुढे नाटकात गेल्या. गायक नट किट्टप्पांशी लग्न झाले. १९३३ साली किट्टप्पा वारले. पंचविशीतच बाईंनी पांढरे लुगडे घेतले, कुणा नटाची नायिका व्हायचे नाही असे ठरविले. पण गाणे सोडले नाही. १९३५ च्या तमिळ बोलपटात त्या भक्त नंदनार झाल्या, पुरुषवेषात. मेहनताना एक लाख रुपये! १९५३ साली ‘अव्वैयार’ गाजला. १९८० साली त्या निवर्तल्या.

पांढऱ्या लुगड्यातली बाई मंगलकार्यात मागे उभी राहते, हे मी लहानपणापासून पाहिले. या बाई त्याच लुगड्यात हजारोंपुढे गायल्या, याचे मला फार मोल वाटते.