येडशीच्या रुळांवरून समुद्राकडे

वालचंद हे नाव मी पहिल्यांदा कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये लिहिलं. सांगलीचं वालचंद कॉलेज, पहिला ऑप्शन. नंबर लागला नाही, पण नाव डोक्यात राहिलं. मी किनवटची. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे पैनगंगा. म्हणून सोलापूरसारख्या कोरड्या गावचा माणूस जहाजं बांधायला निघाला हे वाचून मला फारच नवल वाटलं.

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. कॉलेजात गेले, पण डिग्री अर्धीच राहिली. घरच्या व्यापारात मन रमेना. मग रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर ते ठेकेदार झाले. सुरुवातीचं काम बार्शी लाइट रेल्वेचं, येडशी ते तडवळे. हाच नॅरोगेज मार्ग पुढे १९११ मध्ये लातूरला पोचला. म्हणजे त्यांची सुरुवात आपल्या मराठवाड्यातच झाली!

१९१९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सिंदिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या सिंदियांकडून घेतलेलं 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला. पण वालचंदांना कळलं होतं, की जहाजं विकत घेऊन भागणार नाही, ती बांधता आली पाहिजेत.

त्यासाठी आधी गोदी हवी. विशाखापट्टणमला १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. लगेच पुढच्या एप्रिलमध्ये जपानी बॉम्ब शहरावर पडले आणि काम रखडलं. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. युद्ध संपल्यावर इथे काम पुन्हा उभं राहिलं आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ८,००० टनी 'जलउषा' पाण्यात उतरली.

आम्हाला वाटतं, जहाज पाण्यात उतरलं की झालं. तसं नसतं. खरी परीक्षा नंतर असते. डेकवर वजनं एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवतात आणि जहाज किती कलतं ते लोलकाने मोजतात. त्यावरून गुरुत्वमध्य काढतात. मग खुल्या समुद्रात नेऊन इंजिन, सुकाणू, वेग सगळं तपासतात. आपल्या व्हायव्हासारखंच, फक्त इथे गोलमाल उत्तर चालत नाही.

वालचंदांची स्वतःची परीक्षा मात्र अवघड निघाली. तब्येत ढासळली. गोदी चालवणं कंपनीला झेपेना, आणि १९५२ मध्ये सरकारने मोठा हिस्सा घेतला. 'हिंदुस्तान शिपयार्ड' हे नवं नाव मिळालं. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले.

त्याच गोदीत पुढे समुद्राचा तळ मोजणारं सर्वेक्षण जहाज 'दर्शक' बांधलं गेलं. १९६४ मध्ये ते नौदलात दाखल झालं. समुद्राची खोली मोजून नकाशे करणारं जहाज आपल्याच देशात बांधलं गेलं. ते पाहायला वालचंद नव्हते, आणि गोदीवर त्यांचं नावही नव्हतं.

मित्रांनो, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नाव कुणाचं आधी, यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस अबोला होता. हे वाचल्यावर मी गप्प बसले. नाव शेवटी टाकलं तरी चालेल, प्रोजेक्ट तेवढं चाललं पाहिजे.