तानाजी मालुसरे

तानाजी मालुसरे (अन्य लेखन: तान्हाजी, मृत्यू: ४ फेब्रुवारी १६७०, सिंहगड) हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या मावळी पायदळातील सरदार होते. मोगलांच्या ताब्यातील कोंढाणा किल्ला त्यांनी रात्रीच्या वेळी कडा चढून जिंकला आणि त्याच लढाईत किल्लेदार उदयभान राठोड याच्याशी लढताना त्यांना मृत्यू आला. मराठ्यांच्या इतिहासात कडा चढून किल्ले घेतल्याची इतरही उदाहरणे आहेत. तथापि, लोकस्मृतीत तानाजींच्या चढाईइतके स्थान दुसऱ्या कोणत्याही चढाईला मिळालेले नाही.

पूर्वायुष्य

तानाजींचे मूळ गाव जावळी खोऱ्यातील गोडवली (सध्याचा सातारा जिल्हा) असल्याचे मानले जाते. वडिलांचे नाव काळोजी व आईचे पार्वतीबाई असे परंपरेने सांगितले जाते. पुढे हे कुटुंब पोलादपूरजवळील उमरठे (सध्याचा रायगड जिल्हा) येथे स्थायिक झाले. तेथील शेलारमामा हे तानाजींचे मामा असल्याचे परंपरा मानते. सूर्याजी मालुसरे हे तानाजींचे धाकटे बंधू आणि रायबा हा त्यांचा मुलगा होता. जावळी, महाड, पोलादपूर हा मुलूख सह्याद्रीच्या ऐन उतारावरचा आहे. घाटवाटा, कातळ आणि घसारा ही तेथील रोजची वहिवाट असल्याने तेथील माणसांना कड्याची भीती नवी नव्हती, हे तानाजींच्या पुढील कामगिरीचा विचार करताना लक्षात घ्यावे लागते.

कोकणातील मोहिमा

तानाजींच्या कारकिर्दीतील सिंहगडापूर्वीचा सर्वांत तपशीलवार प्रसंग कवींद्र परमानंदांच्या शिवभारत या संस्कृत काव्यात आलेला आहे. १६६१ च्या कोकण मोहिमेत महाराजांनी तानाजींना व पिलाजी नीळकंठराव यांना संगमेश्वर येथे ठेवले होते. शृंगारपूरच्या सूर्याजी सुर्वे याने रात्रीच्या वेळी त्यांच्यावर हल्ला केला. हल्ल्याच्या धक्क्याने पिलाजी मागे फिरले असता तानाजींनी त्यांना पकडून एका दगडाला बांधले आणि स्वतः लढत राहून हल्ला परतवला, असे परमानंद सांगतात. त्यानंतर लवकरच, एप्रिल १६६१ अखेर, शृंगारपूर महाराजांच्या ताब्यात आले. हा प्रसंग सिंहगडाच्या तुलनेत फारसा सांगितला जात नाही; पण रात्रीची लढाई, थोडे लोक आणि मागे फिरण्याची वाट बंद करणे या तिन्ही गोष्टी नऊ वर्षांनी कोंढाण्यावर पुन्हा दिसतात, म्हणून तो महत्त्वाचा आहे.

कोंढाण्याचे महत्त्व

कोंढाणा हा पुण्याच्या नैर्ऋत्येस, भुलेश्वर डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. माथ्याभोवती बहुतेक ठिकाणी सरळ तुटलेले कातळकडे असल्याने तटबंदी मोजक्याच भागांत बांधावी लागली आहे. पुणे दरवाजा व कल्याण दरवाजा या गडावर जाण्याच्या दोन मुख्य वाटा होत. १३२८ मध्ये नाग नायक या कोळी सरदाराने हा गड महंमद बिन तुघलकाच्या सैन्याविरुद्ध कित्येक महिने लढवला होता. १६६३–६४ मध्ये जसवंतसिंहाच्या वेढ्यालाही तो दाद देऊ शकला नाही, इतकी ही जागा बळकट होती.

जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह यांच्याशी झालेल्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंढाणा त्यांपैकी एक होता. मोगलांनी तेथे उदयभान राठोड या रजपूत सरदाराची नेमणूक केली. १६७० च्या आरंभी महाराजांनी मोगलांशी पुन्हा युद्ध सुरू केले, तेव्हा राजगडावरून समोर दिसणारा आणि पुणे प्रांतावर नजर ठेवणारा हा गड प्रथम परत मिळवणे क्रमप्राप्त होते.

कड्यावरील चढाई

जेधे शकावलीनुसार गड माघ वद्य नवमी, शके १५९१ या दिवशी घेतला गेला. ही तिथी जुन्या कालगणनेनुसार ४ फेब्रुवारी १६७० ला येते. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, त्यामुळे रात्रीचा पूर्वार्ध पूर्ण अंधाराचा असतो. चढाईसाठी हीच रात्र का निवडली असावी, याचे उत्तर बहुधा या तिथीतच आहे.

चढाईचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन कृष्णाजी अनंत सभासद यांच्या १६९७ च्या सुमाराच्या बखरीत आढळते. सभासदाच्या मते तानाजी मावळ्यांचे हजारी होते आणि त्यांनी पाचशे माणसे सोबत घेतली. प्रथम दोन निवडक मावळ्यांना रात्री कड्यावरून वर पाठवण्यात आले. ते वानरांसारखे चपळाईने चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली आणि त्या माळेवरून तानाजींसह सुमारे तीनशे माणसे गडावर पोहोचली. माळ म्हणजे दोराची शिडी. किल्ले घेण्याच्या संदर्भात हा शब्द मराठी कागदपत्रांत वारंवार येतो.

आजच्या प्रस्तरारोहणाच्या भाषेत सांगायचे तर ही आघाडीच्या आरोहकाची पद्धत होय. सर्वांत अवघड काम पहिल्या दोघांचे असते, कारण त्यांच्यासाठी वरून दोर नसतो. हात घसरला तर थेट दरीच असते. त्यांच्यामागून येणाऱ्यांना मात्र बांधलेला आधार मिळतो. सह्याद्रीचा बसाल्ट आडव्या थरांचा असतो. सरळ उभ्या कातळानंतर एखादी अरुंद गवताळ पट्टी लागते आणि पुन्हा कातळ सुरू होतो. या पट्ट्यांवर थांबून दम घेता येतो. पण फेब्रुवारीत गवत वाळून निसरडे झालेले असते आणि सुटे दगड हाताखाली निघून येतात. एक दगड खाली घरंगळला तरी पहारेकरी सावध होण्याचा धोका होता. आधुनिक आरोहकाजवळ हार्नेस, नायलॉनचा दोर, कॅराबिनर आणि कातळात ठोकलेल्या मेखा असतात. मावळ्यांजवळ वनस्पतींच्या तंतूंचा दोर होता, आणि शिवाय ढाल-तलवारीचे ओझेही होते.

ही जागा नेमकी कोणती, याबद्दल दोन मते आहेत. परंपरा गडाच्या पश्चिमेकडील डोणागिरीचा कडा दाखवते. तो आज तानाजी कडा या नावाने ओळखला जातो. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी मात्र कल्याण दरवाजाजवळची, तुलनेने कमी उभी असलेली बाजू सांगितली आहे आणि वाट दाखवण्यास परिसरातील कोळी होते असे नमूद केले आहे. डोणागिरीकडे पहारा विरळ असण्याची शक्यता, तर कल्याण दरवाजाच्या बाजूला चढण्याची सोय अशी दोन्ही मतांमागील तर्कसंगती आहे. स्थानिक परंपरा डोणागिरीच्या बाजूने एकमुखी आहे.

लढाई आणि मृत्यू

तीनशे माणसे वर आल्यावर गडावर चाहूल लागली. सभासदाच्या वर्णनानुसार बाराशे रजपूत हिलाल व चंद्रज्योती पेटवून तोफा, बाण व बरच्यांसह चालून आले. चढून थकलेल्या मावळ्यांपेक्षा त्यांची संख्या चौपट होती. तानाजी व उदयभान यांची समोरासमोर गाठ पडली. तानाजींच्या डाव्या हातातील ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डावा हातच ढालीसारखा पुढे करून त्यावर वार झेलले. या द्वंद्वात दोघेही ठार झाले.

सरदार पडताच मावळे मागे फिरू लागले. येथे सूर्याजी मालुसरे पुढे आले. कड्याचे दोर कापून टाकले असून आता उडी मारून मरणे किंवा लढणे एवढेच उरले आहे, असे त्यांनी लोकांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. सूर्याजींनी दोर खरोखर कापले की कापल्याचे फक्त सांगितले, याबाबत वृत्तांत वेगवेगळे आहेत. ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासात ते दोर नष्ट झाल्याचे सांगतात एवढेच येते. परिणाम मात्र एकच झाला. मावळे उलटून लढले आणि गड हाती आला. गडावरील पागेच्या गवती छपरांना आग लावण्यात आली. तो जाळ राजगडावरून दिसल्यावर महाराजांना विजयाची खूण पटली. तानाजी गेल्याची बातमी नंतर पोहोचली. सभासदाच्या मते तानाजींच्या जागी सूर्याजींची नेमणूक झाली आणि लढलेल्या लोकांना बक्षीस म्हणून कडी देण्यात आली.

तानाजींचे पार्थिव उमरठे येथे नेण्यात आले, असे परंपरा सांगते. वेल्हे परिसरातून कोकणात उतरणाऱ्या मढे घाटाचे नाव या अंत्ययात्रेवरून पडल्याचे मानले जाते. उमरठे येथे त्यांची समाधी आहे. सिंहगडावर अमृतेश्वर मंदिराच्या वरच्या बाजूस त्यांचे स्मारक असून दरवर्षी माघ वद्य नवमीला तेथे स्मृतिदिन पाळला जातो.

आख्यायिका

तानाजींचे सर्वश्रुत चरित्र प्रामुख्याने शाहीर तुळशीदास यांच्या पोवाड्यातून आलेले आहे. हा पोवाडा अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहात छापला गेला. रायबाच्या लग्नाचे आमंत्रण देण्यास आलेले तानाजी, लग्न बाजूला ठेवून कोंढाण्याचा विडा उचलणे, ऐंशी वर्षांचे शेलारमामा आणि यशवंती घोरपड ही सर्व पात्रे व प्रसंग पोवाड्यातील आहेत. सभासदाच्या बखरीत घोरपडीचा उल्लेख नाही.

घोरपडीच्या कंबरेला दोर बांधून तिला कड्यावर सोडणे आणि ती चिकटल्यावर त्या दोरावरून चढणे, ही कल्पना घोरपडे घराण्याच्या नावाच्या उत्पत्तीकथेतही आढळते. घोरपडीची नखे मजबूत असतात व ती कपारीत घट्ट बसते हे खरे. पण काही किलो वजनाचा प्राणी एका सशस्त्र माणसाचा भार पेलेल, हे शक्य वाटत नाही. यशवंती हे शिडीचे किंवा कड्यावर चढण्यात तरबेज असलेल्या व्यक्तीचे नाव असावे, असेही तर्क केले गेले आहेत. पोवाड्यातील घोरपडीमुळे सभासदाने सांगितलेले ते दोन मावळे मात्र मागे पडले. त्यांची नावे बखरीतही नाहीत.

तानाजींच्या बलिदानानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवण्यात आले, हा समजही दृढ आहे. तथापि, शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ मधील पत्रात गडाचा उल्लेख सिंहगड असाच येतो. त्यामुळे हे नाव लढाईपूर्वी किमान सात वर्षे प्रचारात होते असे म्हणावे लागते.

नंतरच्या चढाया

सिंहगडाच्या चढाईने दाखवलेली पद्धत पुढेही वापरली गेली. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठ माणसांसह रात्री कडा चढून पन्हाळा घेतला. सिंहगड नंतर पुन्हा मोगलांकडे गेला असता १६९३ मध्ये नावजी बलकवडे यांनी तो माळ लावून परत जिंकला.

साहित्य, चित्रपट आणि गिर्यारोहण

हरि नारायण आपटे यांची गड आला पण सिंह गेला ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली. वि. दा. सावरकर यांच्या सिंहगडाच्या पोवाड्यावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली होती. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये सिंहगड हा मूकपट, तर व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी त्याच नावाचा बोलपट काढला. ओम राऊत दिग्दर्शित तान्हाजी: द अनसंग वॉरियर हा हिंदी चित्रपट २०२० मध्ये प्रदर्शित झाला.

पुण्यातील गिर्यारोहकांची पहिली ओळख बहुधा याच डोंगराशी होते. बिबवेवाडी, धनकवडी, कात्रज या दक्षिण पुण्यातील वस्त्यांपासून तसेच शहराच्या इतर भागांतून सुटीच्या दिवशी पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढणाऱ्यांची रांग लागते. वर पोहोचल्यावर देवटाक्याचे पाणी, पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही हा ठरलेला कार्यक्रम असतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून भुलेश्वर रांगेच्या टेकड्या एकामागून एक ओलांडत सिंहगडापर्यंत जाणारी वाट रात्रीच्या पदभ्रमंतीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. तिला बोलीत के-टू-एस म्हणतात. ही भ्रमंती बहुतेक वेळा पौर्णिमेच्या आसपास, चांदण्यात केली जाते.