आत्याचं हॉस्पिटल, भाच्याचा अणू

काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका ताईंना घेऊन मी डोंबिवलीहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे. त्यांना कोबाल्टचा ‘शेक’ चालू होता. घरी मात्र त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलेलं, नातवाला जवळ जाऊ द्यायचे नाहीत. अंगातून किरणं बाहेर पडतात म्हणे! मग मीच या किरणांचा पिच्छा पुरवला आणि पोचले डॉ. होमी भाभांपाशी.

भाभा मुंबईचेच. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, सधन पारशी घरात. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई या त्यांच्या आत्या. मुलानं इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं, ही वडीलधाऱ्यांची इच्छा. मुलानं ती मानली, केंब्रिजला १९३० मध्ये पहिल्या वर्गात पास झाला आणि मगच आपल्या लाडक्या भौतिकशास्त्राकडे वळला. (दहावी-बारावीच्या आयांनी हे जरूर वाचावं!) पुढच्याच वर्षी आत्या रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या स्मरणातून परळचं हॉस्पिटल १९४१ मध्ये उभं राहिलं.

भाभा १९३९ मध्ये सुट्टीवर आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. आत्याच्या नावानं झालेलं हॉस्पिटल १९६२ मध्ये भाच्याच्याच अणुऊर्जा खात्याकडे आलं.

आता कोबाल्टचं. निसर्गातला कोबाल्ट-५९ अगदी शांत. अणुभट्टीत त्याच्या केंद्रकात एकच न्यूट्रॉन शिरतो आणि तो कोबाल्ट-६० होतो. दोघं एकाच घरातले भाऊ, पण स्वभाव वेगळा. हा धाकटा अस्थिर. त्यातून एक इलेक्ट्रॉन निघून जातो, त्याचं निकेल होतं, तरी केंद्रकात जादा ऊर्जा उरतेच. ती लागोपाठ दोन गॅमा किरणांच्या रूपात बाहेर पडते. हेच किरण गाठीवर सोडतात. मशीनचं दार मिटलं की संपलं. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? पेशंटच्या अंगात काहीही राहत नाही. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटात देतात, तेव्हा मात्र काही दिवस लहान मुलांपासून लांब राहावं लागतं. आपल्या मिठातलं आयोडीन-१२७ बिचारं निरुपद्रवी.

हे सगळं ताईंच्या सुनेला सांगायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला नातू आजीच्या मांडीवर होता.

भाभा २४ जानेवारी १९६६ ला मॉं ब्लांवरच्या विमान अपघातात गेले, अवघ्या ५६ व्या वर्षी. त्यांचं नाव मिळालेल्या तुर्भ्याच्या केंद्रानं पुढे कर्करोगासाठी देशी कोबाल्ट मशीन बनवलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.