आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेतून त्यांनी १८८६ मध्ये एम.डी. पदवी घेतली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद अधूनमधून निघतो; तो फारसा फलदायी नाही. अमेरिकेत जाऊन ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आनंदीबाईंचे स्थान निर्विवाद आहे. गर्भिणी, बाळंतीण आणि नवजात बालक यांची शुश्रूषा हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच पुणे येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याण येथील जोशी घराण्यात त्या वाढल्या. वडिलांचे नाव गणपतराव. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, विधुर होते आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर यमुनेची आनंदी झाली.

पत्नीने शिकलेच पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळी बायको स्वयंपाकघर सोडून पुस्तक घेऊन बसली तर नवऱ्याचा मार खाई. येथे अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून मार बसे. या गोष्टीकडे पुष्कळदा कौतुकाने पाहिले जाते. परंतु त्या माराच्या कडू आठवणी आनंदीबाईंच्या मनातून गेल्या नव्हत्या, हे त्यांच्या पत्रांवरून दिसते. गोपाळरावांच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा प्रवास होत राहिला.

अपत्यवियोग आणि बाळंतिणीची खोली

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही जाणीव त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेली.

त्या काळच्या महाराष्ट्रातील बाळंतपणाची रीत येथे थोडी सांगावयास हवी. बाळंतिणीची खोली बहुधा घरातील सर्वांत अंधारी व कोंदट असे. वारा लागू नये म्हणून खिडक्या-दारे बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. शेक-शेगडीची ही प्रथा मायेपोटीच चालत आली होती. तिला जुना शास्त्राधारही होता. नवजात बालकाला धूप द्यावा, असे सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे. मात्र हवा खेळती नसलेल्या खोलीत हा धूर आई व मूल यांच्याच छातीत जाई. मूल दगावले की सटवाईचा लेख म्हणून समाधान मानले जाई. सुईणीला न उलगडणारी अडचण आली तरी पुरुष डॉक्टरला त्या खोलीत प्रवेश नसे आणि स्त्री डॉक्टर नव्हतीच. आनंदीबाईंनी जी उणीव भरून काढण्याचे ठरवले ती हीच.

अमेरिकेस प्रयाण

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी कोल्हापूरच्या वास्तव्यापासूनच अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार चालवला होता. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांनी तो आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो अंक चाळला आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यातून जडलेला स्नेह इतका घट्ट झाला, की आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

ब्राह्मण स्त्रीने समुद्र ओलांडण्याच्या कल्पनेला मोठा विरोध झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे सांगून त्यांनी धर्मांतर न करण्याचे आश्वासन दिले. त्या वेळी त्या अठराव्या वर्षात होत्या. एप्रिल १८८३ मध्ये त्या पतीशिवाय कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियातील वास्तव्य

महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. आनंदीबाईंनी साडी व शाकाहार सोडला नाही. परक्या थंडीत हे सोपे नव्हते.

त्यांना मिळालेल्या खोलीतील शेकोटीची रचना सदोष होती, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते. ती पेटवली की खोली धुराने भरून जाई आणि विझवली की थंडी हाडांत शिरे. धूर सोसायचा की गारठा, एवढीच निवड त्यांच्या हाती होती. मूल गमावल्याच्या दुःखातून शिकावयास गेलेली ही विद्यार्थिनी बाळंतिणीच्या खोलीसारख्याच कोंडलेल्या खोलीत अभ्यास करीत होती. ताप, खोकला, अशक्तपणा यांनी तेथे त्यांना घेरले.

धुराने क्षय होतो असे नव्हे. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जाहीर केले होते. परंतु धुराने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांना त्या जंतूचा प्रतिकार करणे अवघड जाते, हे आता मान्य झाले आहे. गर्भावस्थेबाबत तर वैद्यक आणखी पुढे गेले आहे. चुलीचा असो वा घरातील दुसऱ्या कोणी ओढलेल्या विडी-सिगारेटचा असो, धुरातील कार्बन मोनॉक्साइड गर्भिणीच्या रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. परिणामी गर्भाचे पोषण कमी होते आणि कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मण्याचा धोका वाढतो. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीलाही पतीच्या धूम्रपानाची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संदर्भात पुढे आणली. आनंदीबाईंच्या काळी यांतील काहीच ज्ञात नव्हते. पुरुषांची विडी वा गुडगुडी माजघरापर्यंत दरवळली तर कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

प्रबंध व पदवी

पदवीसाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. परदेशी अध्यापकांसमोर जुन्या संस्कृत ग्रंथांतील गर्भिणीचर्या, प्रसूती व बालसंगोपन यांविषयीचे विचार मांडण्याचे धाडस त्यांनी केले. आज हा प्रबंध वाचताना परंपरेविषयीचा अभिमान काही ठिकाणी अधिक वाटेल. पण वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने अभ्यासासाठी नेमका हाच विषय निवडावा, यामागचे कारण उघड आहे.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. पंडिता रमाबाई त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही अभिनंदन आले. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली या सहाध्यायिनींसह १८८५ मध्ये काढलेले आनंदीबाईंचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

अखेरचे दिवस

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या (आताचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) स्त्री विभागाच्या प्रमुखपदी नेमले. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, त्या रोगाने खंगलेल्या अवस्थेतच. उपचारांसाठी त्यांना पुण्यास आणण्यात आले. क्षयावर गुणकारी औषध त्या काळी कोठेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागावयास १९४३ उजाडावे लागले. कोल्हापूरच्या पदावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत आणि ज्या विषयासाठी समुद्र ओलांडला, त्यातील एकाही बाळंतिणीवर स्वदेशात उपचार करण्याची संधी त्यांना लाभली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे.

चरित्रे व स्मृती

कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मध्ये मराठीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. काशीबाईंचे पुस्तक हे एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले आरंभीचे चरित्र म्हणूनही महत्त्वाचे आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र कादंबरी व चरित्र यांतील भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. अंजली कीर्तने यांनी संशोधनपूर्वक लिहिलेले चरित्र त्यासाठी अधिक उपयोगी पडते. २०१९ मध्ये समीर विद्वांस दिग्दर्शित मराठी चित्रपटही प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.